पूर्वरंग गाळलेलं कीर्तन

शनिवारवाड्याच्या आत वाडा नाही. पुण्यात वाढलेल्यांना ही गोष्ट इतकी सवयीची आहे की तिचं नवल वाटत नाही. पण बाहेरगावाहून पहिल्यांदा आलेला माणूस दिल्ली दरवाजातून आत शिरल्यावर दोन मिनिटांत त्याचा चेहरा कसा उतरतो, ते बघण्यासारखं असतं. डोक्यात २०१५च्या ‘बाजीराव मस्तानी’तले महाल असतात आणि समोर हिरवळ, दगडी जोती, कारंज्याचं कमळ आणि भोवती तट. १८२८च्या आगीत आतलं लाकूडकाम गेलं. उरलेली जोतीही विसाव्या शतकात उत्खनन करून पुन्हा उजेडात आणावी लागली. म्हणजे समजावून सांगणारं कोणी नसेल, तर इथे तटाच्या आत बघण्यासारखं जवळपास काही नाही. अशा जागी फलकावरचा मजकूर ही सोय नसते, अर्धी वास्तूच त्या मजकुरात असते.

आणि हा मजकूर कोणी वाङ्मय म्हणून वाचत नाही. कवितासंग्रहाला आयुष्यभरात मिळणार नाहीत इतके वाचक शनिवारवाड्यातल्या एखाद्या पाटीला एका सुट्टीच्या दिवशी मिळतात. तरी फलक, पत्रकं, ऑडिओ गाईडच्या संहिता, हेरिटेज वॉकमध्ये बोलायची टिपणं, निसर्गवाटेवरच्या पाट्या यांची समीक्षा होत नाही. लिहिणाऱ्याचं नाव खाली नसतं. ठेका निघतो, काम होतं, फीत कापली जाते. तेव्हा निदान एकदा तरी हा वाङ्मयप्रकार आहे असं धरून त्याला थोडं छळावं, म्हणून हे लिहितोय.

कसोटी एकच आहे आणि ती सोपी आहे. फलकावरचं प्रत्येक वाक्य घ्यायचं आणि विचारायचं: हे मी घरी, सोफ्यावर लोळत, फोनवर वाचलं असतं तर काय बिघडलं असतं?

पायाभरणी १० जानेवारी १७३०, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२, दोन्ही दिवस शनिवार, खर्च १६,११० रुपये. ही शनिवारवाड्याची पाठ झालेली माहिती. घरी वाचली तर काय बिघडतं? काहीच नाही. उलट पंखा असतो.

आता दुसरं वाक्य बघा. ‘मागे सरका आणि तट खालून वर बघा: खाली दगड आहे, मग विटा सुरू होतात, ती रेघ शोधा.’ हे घरी वाचून उपयोग नाही. हे वाचल्यावर मान वर होते. रेघ सापडते आणि पुढचा प्रश्न आपोआप येतो: दगड मधेच का थांबला? मग सांगायला एक गोष्ट आहे. दगडी कोट बांधण्याचा मान छत्रपतींचा, पेशव्याचा नव्हे, अशी हरकत साताऱ्याकडून आली आणि उरलेलं काम विटांत झालं, असं सांगतात. ती गोष्ट शंभर टक्के खरी की नंतर रचलेली, यावर वाद घालता येईल. पण वाद घालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आता भिंत आहे. तसेच दरवाजावरचे अणकुचीदार खिळे. त्यांची संख्या सांगण्यापेक्षा ते दारावर नेमके किती उंचीला आहेत ते बघायला सांगा आणि विचारा, त्या उंचीला कोणाचं डोकं येतं? हत्तीचं, हे उत्तर लहान मूलही देईल, आणि त्याने दिलेलं असल्यामुळे ते त्याचं होईल.

आपल्याकडे या कामाला एक जुना आणि चांगला शब्द होता: निरूपण. नारदीय कीर्तनात बुवा आधी एक अभंग घेतात, तो श्रोत्यांसमोर ठेवतात, त्यातला एकेक शब्द सोडवत जातात, दाखले देतात. हा पूर्वरंग. मग उत्तररंगात आख्यान येतं, गोष्ट येते, आणि ती गोष्ट पूर्वरंगात उलगडलेल्या अर्थालाच पुष्टी देते. म्हणजे निरूपणाला समोर काहीतरी असावं लागतं. अभंग नसेल तर निरूपण कशाचं?

शनिवारवाड्यात आपण ऐकतो तो नुसता उत्तररंग. ३० ऑगस्ट १७७३, गारदी, सतरा-अठरा वर्षांचा नारायणराव, ‘काका मला वाचवा’, आणि मग पौर्णिमेला (की अमावास्येला, ते सांगणाऱ्यावर अवलंबून) ऐकू येणारी किंकाळी. मी या आख्यानाच्या विरोधात नाही. चांगला सांगणारा भेटला तर अंगावर काटा येतो, आणि तो यावाच. पण आख्यान ऐकताना श्रोते सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत असतात. जोत्याकडे, दरवाजाकडे, तो पोरगा पळाला असेल तर कुठून कुठे पळाला असेल त्या अंतराकडे कोणी बघत नाही. हीच गोष्ट एखाद्या मॉलच्या पार्किंगमध्ये सांगितली तरी तितकाच काटा येईल.

परदेशात या विषयावरचं मूळ पुस्तक मानलं जातं ते फ्रीमन टिल्डन यांचं ‘इंटरप्रिटिंग अवर हेरिटेज’, १९५७चं. टिल्डन पुरातत्त्वज्ञ नव्हते, पत्रकार आणि नाटककार होते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांसाठी त्यांनी हा विचार मांडला, आणि त्यांचा सगळा भर यावर होता की नुसती माहिती म्हणजे अर्थ उलगडणं नव्हे, आणि बघायला आलेल्याला शिकवण्यापेक्षा डिवचणं जास्त महत्त्वाचं. हे वाचताना मला राहून राहून वाटत होतं की एखाद्या बुवांना यात नवीन काहीच वाटलं नसतं. आपण मात्र ‘इंटरप्रिटेशन सेंटर’चं मराठी करताना बहुतेक वेळा ‘माहिती केंद्र’ करून टाकलं. शब्द बदलला आणि कामही बदललं.

निरूपणाचा दुसरा भाग म्हणजे ‘कशावरून’. नारायणरावाच्या खुनात ‘ध’चा ‘मा’ झाला, ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं आणि ते आनंदीबाईंनी केलं, हे महाराष्ट्रातल्या पोरासोरांना ठाऊक आहे. पण असा खाडाखोड केलेला कागद आज कोणी दाखवू शकत नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावाला दोषी ठरवलं, हा भाग वेगळा, आणि एका बाईच्या लेखणीवर सगळा दोष ठेवणारी ही गोष्ट इतकी का आवडली, हा भाग आणखी वेगळा. एखाद्या पाटीने या तिन्हींत फरक करून दाखवला तर वाचणाऱ्याला इतिहास म्हणजे काय याचा पहिला धडा मिळेल. तसा फरक करायला जागा किती लागते? चार ओळी.

आणि ‘कोणासाठी’ हाही प्रश्न आहेच. याच वाड्यावर १७ नोव्हेंबर १८१७ला इंग्रजांचं निशाण चढलं. पुढच्या दीड महिन्यात कोरेगावची लढाई झाली. त्या लढाईच्या द्विशताब्दीच्या आदल्या दिवशी, ३१ डिसेंबर २०१७ला, एल्गार परिषद भरली ती याच तटाबाहेर. कोणाला हा दरवाजा बघून ऊर भरून येतो, कोणाला पेशवाईतली अस्पृश्यता आठवते. दोघं शेजारी उभे राहून एकाच दाराचा फोटो काढतात. एक बाजू धरा असं मी पाटीला म्हणत नाही. पण पाटी वाचून वाटतं की या दाराकडे बघण्याचं कारण सगळ्यांचं एकच आहे, आणि ते कारण म्हणजे अभिमान. हे खरं नाही, आणि दोघांपैकी एकाला तरी पाटी वाचताना ते लगेच कळतं.

आता भाषेबद्दल. फलकांच्या मराठीत दोन खोडी आहेत. पहिली विशेषणं. ‘स्थापत्यकलेचा उत्कृष्ट नमुना’, ‘भव्यदिव्य’, ‘निसर्गरम्य’, ‘वैभवशाली वारसा’. उत्कृष्ट आहे असं आधीच सांगून टाकलं की बघणाऱ्याला काम उरत नाही. तो मान डोलावतो आणि पुढे जातो. दुसरी खोड जास्त वाईट आहे: सगळं काही ‘बांधण्यात आले’, ‘उभारण्यात आले’, ‘कोरण्यात आले’. कोणी? आमच्या धंद्यात सगळ्यात निरुपयोगी संदेश कोणता, तर ‘त्रुटी आढळली आहे’. कोणाला आढळली, कुठे, आता मी काय करू, काही पत्ता नाही. फलकांची भाषा त्याच जातीची आहे. राजाचं नाव असतं, कारण हुकूम त्याचा. हात कोणाचे, ते ‘ण्यात आले’मध्ये बुडून जातं.

गंमत अशी की पुणे जिल्ह्यातले फार जुने माहितीफलक या बाबतीत पुढे होते. कार्ल्याच्या चैत्यगृहात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, खांबांवर आणि दाराशी ब्राह्मी लिपीत लेख कोरले आहेत. कोणता खांब कोणी दिला ते नावागावासकट आहे. त्यात यवन आहेत. गंधी म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. आणि दाराचं काम धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केलं, तो वेणुवासाचा मुलगा, असंही एक लेख सांगतो. कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे. बापाचं नावसुद्धा आहे. सुताराने दगडाचं दार करावं हेही मजेशीर आहे, आणि वर नजर टाकली की त्याचा उलगडा होतो: छताला खऱ्या लाकडाच्या कमानी आहेत, इतक्या जुन्या. ही सगळी इमारत दगडात केलेलं लाकूडकाम आहे.

कार्ल्याला जाणारी बहुतेक गर्दी एकवीरेच्या दर्शनाची असते. रांगेत वेळ जातो. त्या रांगेतल्या मुलांच्या हातात एक चिठ्ठी द्यावी असं मला फार दिवस वाटतंय. त्यावर एकच ब्राह्मी अक्षर: ‘क’. ते अधिकच्या चिन्हासारखं असतं, फक्त उभी रेघ जरा लांबलेली. ‘धेनुकाकट’ या शब्दात ते लागोपाठ दोनदा येतं. चैत्यगृहात हे गावाचं नाव बऱ्याच लेखांत आहे. तेव्हा काम एवढंच: शेजारीशेजारी दोन अधिक शोधा. सापडले की तुम्ही दोन हजार वर्षांपूर्वीचा एक शब्द वाचलात. आणि मग सांगायचं की हे गाव नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. दहा वर्षांच्या मुलाला एकाच दिवशी वाचायला येणं आणि मोठ्यांनाही सगळं ठाऊक नसतं हे कळणं, यापेक्षा जास्त एखाद्या सहलीकडून काय मागायचं?

कार्ल्याच्या परिसरातल्याच लोहगडाचं आता जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं आहे. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले त्या यादीत घेतले. त्यातले लोहगड, राजगड आणि शिवनेरी पुणे जिल्ह्यातले. म्हणजे येत्या काही वर्षांत या गडांवर पाट्या येणार, केंद्रं येणार, ॲप येणार. कुठल्यातरी टेबलावर ‘अभेद्य दुर्ग’ आणि ‘उत्कृष्ट नमुना’ टाइप होत असणार, अशी मला धास्ती आहे. शिवाय अलीकडे मराठी मजकूर आधी इंग्रजीत लिहून मग उलथवण्याची पद्धत पडलीय. मेट, माची, चिलखती बुरूज, चोरदिंडी, टाकं, सदर हे शब्द ज्या भाषेचे आहेत, त्या भाषेत गड समजावताना इंग्रजीच्या वाटेने का जायचं, ते मला कळत नाही.

ॲपचा विषय निघालाच आहे तर माझ्या जमातीबद्दल दोन शब्द. ‘क्यूआर कोड लावू’ हे आमचं प्रत्येक प्रश्नाला तयार उत्तर असतं. एका सार्वजनिक जागी (नाव नको) झाडाझाडाला असे कोड लावलेले मी बघितले. स्कॅन केल्यावर पान सापडत नसल्याचा निरोप येत होता. डोमेनचे पैसे भरायचं कोणीतरी विसरलं असेल. झाड मात्र जागेवर होतं. पण लिंक चालू असती तरी मूळ अडचण राहतेच. कोड स्कॅन केला की माणूस झाडासमोर उभा राहून झाडाबद्दलचं पान वाचतो, मान खाली घालून. फोन वाईट नाही, फोनने वर बघायला लावलं पाहिजे. कॅमेरा उघडून झूम करून खांबाच्या वरच्या टोकाला काय आहे ते बघा, हे फोनचं चांगलं काम आहे. टॉर्च लावून तो भिंतीला जवळजवळ समांतर धरा म्हणजे झिजलेली अक्षरं सावलीने उठून दिसतील, हे तर उत्तमच. यातल्या कशालाही नेटवर्क लागत नाही.

हे सगळं बोलणं सोपं आहे, म्हणून आम्ही चौघांनी पाताळेश्वर ते वेताळ टेकडी अशा एका सकाळच्या भटकंतीसाठी चार पानी पत्रक करायला घेतलं. पुस्तकांची कमी नव्हती. ना. वि. जोशी यांचं ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८चं आहे. प्र. के. घाणेकरांच्या ‘मुठेकाठचे पुणे’पर्यंत हे कपाट भरलेलं आहे. काम होतं ते गाळण्याचं. सोफ्याची कसोटी लावली की परिच्छेदच्या परिच्छेद पडतात.

पाताळेश्वर जंगली महाराज रस्त्यावर आहे, आठव्या शतकाच्या सुमाराचं, राष्ट्रकूट काळातलं. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांपाशी असते ती निळी पाटी तुम्ही बघितली असेल. १९५८चा कायदा, नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. या सगळ्या व्यवहारात वाचकाशी थेट बोलणारी हीच काय ती एक पाटी, आणि ती दम देते.

पाताळेश्वरात बघायचं काय? रस्त्यावरून आत गेलं की आपण खाली उतरतो. का उतरतो? कारण हे बांधलेलं नाही, खोदलेलं आहे. दगड आणून रचलेला नाही, नको तो काढून टाकलाय. समोरचा गोल नंदीमंडप बघा: त्याचं छप्पर ही एकेकाळची जमीन आहे. आपण जिथे उभे आहोत ती सगळी पोकळी म्हणजे उपसलेला खडक. हे एकदा डोक्यात शिरलं की माणूस गप्प होतो, मंडपाला फेरी मारतो, वर बघतो. मग आतले जाड, जवळपास साधे खांब, आणि काम अर्ध्यात सोडल्याच्या खुणा. का सोडलं असेल? खडकात दोष निघाला असावा असं एक अनुमान आहे.

इथे पत्रक वाचून बघायला आलेल्या एका आजींनी आम्हाला जे सांगितलं ते महत्त्वाचं आहे. त्या म्हणाल्या, ‘हे पांडवांनी एका रात्रीत खोदलंय. कोंबडा आरवला, म्हणून राहिलं तसंच.’ महाराष्ट्रातल्या कितीतरी लेण्यांबद्दल ही गोष्ट सांगतात. आमच्यातल्या एकाला ती लगेच खोडून काढायची होती. पण ती नीट ऐका. त्या गोष्टीला ठाऊक आहे की हे खोदलेलं आहे. तिला ठाऊक आहे की हे अपुरं आहे. आणि अपुरं का, याचं कारण तिच्याकडे आहे. बांधकामाचा काळ आणि राजवंश सांगणाऱ्या मजकुराला यातली दुसरी गोष्ट सांगायचं सुचत नाही, तिसरी तर लांबच. तारखा चुकलेल्या असतील, निरीक्षण चुकलेलं नाही. कोण्या अनाम माणसाने इथे उभं राहून, मान वर करून, प्रश्न विचारला होता, आणि त्याची गोष्ट अजून जिवंत आहे. पत्रकात ती आम्ही घेतली, आजींनी सांगितली तशी, आणि खाली लिहिलं: ‘कोंबडा आरवला तेव्हा कामगार कुठे काम करत होते? ती जागा शोधा.’

पाताळेश्वर ज्या गावात होतं त्याचं नाव भांबुर्डे, म्हणजे आजचं शिवाजीनगर. ते नाव शहरातून पुसलं गेलं, पण वेताळ टेकडीवरच्या वनविभागाच्या जागेला अजून भांबुर्डा वनविहार म्हणतात. खालचं देऊळ आणि वरची टेकडी एका नावाने बांधलेली आहेत, आणि एका दगडानेही. दोन्हीकडे तोच बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. खाली तो छिन्नीने उघडलाय, वर सुरुंगाने. टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या काठावर उभं राहिलं की ते आडवे थर दिसतात. भूगोलाच्या पुस्तकातली ‘पायऱ्यापायऱ्यांची रचना’ ती हीच. याच दगडाच्या पोकळ्यांमध्ये स्फटिक होतात. वाघोलीच्या खाणींतलं निळंशार कॅव्हनसाइट जगभरच्या खनिजं जमवणाऱ्यांना ठाऊक आहे. पुणेकराला वाघोली म्हणजे ट्रॅफिक.

टेकडीवर आलं की मामला गंभीर होतो. पाताळेश्वराची पाटी वाईट असली तरी पाताळेश्वर उद्या कोणी पाडणार नाही. टेकडीचं तसं नाही. बालभारती ते पौड फाटा रस्ता, बोगदे, काय काय कागदावर आहे. एप्रिल २०२३मध्ये त्याविरुद्ध हजारो पुणेकर रस्त्यावर चालले. त्या वेळी विरोधकांना वारंवार ऐकवला गेलेला सवाल असा: तिथे आहे काय? आणि मे महिन्यात टेकडीकडे नुसतं बघितलं तर प्रश्न बरोबर वाटतो. पिवळं गवत, उघडे दगड, पानं झडलेली झाडं. सरकारी वर्गवारीत अशी माळरानं आणि झुडपी रानं ‘पडीक’ या सदरात जातात. पडीक जमिनीवर दोनच गोष्टी करायच्या असतात: झाडं लावायची किंवा रस्ता काढायचा.

झाडं लावलीच आहेत. गिरिपुष्प, ज्याला उंदीरमारी असंही म्हणतात, ते मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड पुण्याच्या टेकड्यांवर वनीकरणात भरपूर लावलं गेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याला गुलाबी फुलं येतात आणि रीलमध्ये ती छान दिसतात. टेकडीवर लोकांना जे हिरवं वाटतं त्यातलं पुष्कळसं हे, आणि जे ओसाड वाटतं ती इथली मूळची वस्ती: सालई, मोई, मेडशिंगी असे पानगळी वृक्ष, आणि मधलं मोकळं गवत. ‘झाडे लावा’ म्हणणारी पाटी कुठेही सापडेल. ‘हे गवत आहे, याच्यावर झाड लावू नका’ असं म्हणणारी पाटी मी तरी बघितलेली नाही. ज्याचं नाव पाटीवर नाही ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्यासाठी महापालिकेत कोण हरकत नोंदवणार?

पत्रकातला टेकडीचा भाग म्हणून आम्ही अगदी हातांच्या कामावर ठेवला. चार मीटर सुतळी घ्या, तिचा एक मीटर बाजूचा चौकोन करा. एकदा गिरिपुष्पाखाली ठेवा, एकदा मोकळ्या गवतात. दोन्हीकडे किती वेगवेगळ्या जातींची रोपं, गवतं, किडे दिसतात ते मोजा. नावं येत नसतील तर अ, ब, क म्हणा. उत्तर आम्ही छापलेलं नाही, कारण ऋतूप्रमाणे ते बदलतं आणि कारण उत्तर छापलं की कोणी मोजत नाही. उन्हाळ्यात मोकळ्या जागेवर टिटवी ओरडत अंगावर आली तर दोन पावलं मागे व्हा आणि आता फक्त डोळ्यांनी जमीन विंचरा. ती अंडी उघड्यावर, दगडगोट्यांत घालते, आणि ती अंडी दगडगोट्यांसारखीच दिसतात. ‘तिथे आहे काय’ या प्रश्नाला ती रोज उत्तर देत असते, जरा कर्कश आवाजात.

यावर एका मित्राने, जो आमच्यापेक्षा जास्त व्यवहारी आहे, विचारलं की लोकांना एवढा वेळ कुठे असतो. त्यांना एक फोटो आणि एक ओळ हवी असते. असेल. पण टेकडीवर रोज सकाळी जे लोक येतात ते वर्षानुवर्षं येतात. त्यांच्याकडे वेळ आहे, रोजचा तासभर, आयुष्यभर. त्यांना दिवसाला एक प्रश्न दिला तरी पुरे. पत्रक एका बैठकीत संपवायचं असतं हा समज पर्यटनाचा आहे.

पावसाळ्यानंतरची आवृत्ती अजून अर्धी आहे. गवतांची नावं अडलीत. पवन्या, मारवेल, कुसळी एवढी ओळखता येतात. पुढची ओळखायला शेळ्या चारणारे बरे की वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, यावर आमच्यात मतभेद आहेत. मात्र त्या आवृत्तीचा शेवटचा थांबा ठरलाय आणि त्याला पाटी लागत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टेकडी उतरून घरी आलात की मोज्यांत कुसळं अडकलेली असतात. शिव्या घालत ती काढून टाकू नका. एक घ्या, लांब शेपटीचं, पीळ पडलेलं. तळहातावर ठेवा, त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका आणि बघत बसा. ते हळूहळू फिरायला लागतं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यानेच कुसळीचं बी पावसात स्वतःला जमिनीत रोवून घेतं.

हे मात्र घरी सोफ्यावर बसून करता येतं. आधी टेकडीवर जाऊन यावं लागतं, इतकंच.